वसंत-सहलींचा ताळेबंद

स्मरणिका समितीच्या पहिल्या बैठकीत विषयांची वाटणी झाली, तेव्हा मी औषधं आणायला गेलो होतो. परत येईपर्यंत पाण्याची टाकी, लिफ्ट, कन्व्हेयन्स डीड आणि गणेशोत्सव हे सगळे मानाचे विषय संपले होते. "काका, तुम्ही सोसायटीच्या आर्थिक वाटचालीवर लिहा," असं सेक्रेटरींनी सुचवलं. मी दोन वेळा खजिनदार होतो, त्यात बँकेतून निवृत्त. तेव्हा त्यांचं सुचवणं बरोबरच होतं. पण पंचवीस वर्षांचे ताळेबंद ऑफिसच्या कपाटात आहेत, ज्याला हवे त्याने पाहावेत. मी म्हटलं, मला आपल्या वसंत-सहलींचा इतिहास लिहायचा आहे. दोघे-तिघे हसले. कारण पहिल्या सहलीला विरोध कोणी केला होता, हे जुन्या सभासदांना चांगलं ठाऊक आहे.

त्याबद्दल पुढे लिहितोच. आधी थोडं मागे जाऊ. कारण सहलीला रविवार लागतो, आणि रविवारचाही एक इतिहास आहे.

रविवार कोणी दिला?

आपल्याला वाटतं, रविवारची सुट्टी जणू सूर्यचंद्रासारखी पहिल्यापासूनच आहे. तसं नाही. आपल्या पणजोबांच्या काळी शेतकऱ्याला किंवा कारागिराला आठवड्याची सुट्टी असा प्रकारच नव्हता. होते ते सणवार, गावची जत्रा आणि बाजारचा दिवस. वसंतात मात्र जत्रांचा सुकाळ असे. रब्बीचं पीक घरात आलेलं, पावसाला अजून अवकाश, त्यामुळे चैत्र पौर्णिमेला जोतिबाला नाहीतर आपापल्या ग्रामदैवताच्या यात्रेला माणसं बैलगाड्या जुंपून निघत. झाडाखाली तीन दगडांची चूल मांडत. बायकांसाठी चैत्रगौरीचं हळदीकुंकू. चैत्र तृतीयेपासून अक्षय तृतीयेपर्यंत महिनाभर कोणाकडे ना कोणाकडे आंब्याची डाळ आणि पन्हं. म्हणजे वसंतात घराबाहेर पडायची रीत आपल्याकडे जुनीच आहे. फक्त ती देवाच्या निमित्ताने होती.

मुंबईत गिरण्या आल्या आणि हे वेळापत्रक मोडलं. उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत साचे चालत आणि कामगाराला आठवड्याची ठरलेली सुट्टी नसे. ती मिळवून देण्यासाठी उभे राहिले नारायण मेघाजी लोखंडे. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले हे गृहस्थ स्वतः गिरणीत स्टोअरकीपर होते, पुढे 'दीनबंधु' पत्र चालवत. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी हवी, असा अर्ज सरकारकडे केला. त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. लगेच काही झालं नाही. सहा वर्षं पाठपुरावा चालला. अखेर १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढल्या वर्षी, १८९१ च्या कारखाना कायद्यात आठवड्याची सुट्टी आली. लोखंड्यांच्या नावाचं टपाल तिकीट निघालं ते २००५ साली.

मी छत्तीस वर्षं नोकरी केली, म्हणजे अठराशेच्या वर रविवार उपभोगले. पण हे नाव मला निवृत्तीनंतर कळलं, याची लाज वाटते. पगारवाढीची थकबाकी पै-पैने मोजणारे आम्ही, पण ज्याने रविवार दिला त्याचं खातंच कधी उघडलं नाही.

पर्वती, फुलराणी आणि पानशेत

माझं लहानपण नारायण पेठेत, वाड्यातल्या दोन खोल्यांत गेलं. आमच्या वेळी सहल म्हणजे सकाळी उठून पर्वती. वडील पुढे आणि आम्ही चार भावंडं मागे. पायऱ्या मोजायची पैज लागायची आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा यायचा. उतरताना तळ्यातल्या गणपतीला नमस्कार, आणि वडलांच्या खिशात असतील तर भेळ. १९५६ साली पेशवे पार्कात फुलराणी धावू लागली, तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. त्या गाडीत बसायला मिळणं म्हणजे काय होतं, हे आता नातवंडांना सांगून समजत नाही. वर्षातून एकदा सिंहगड. खडकवासल्यापर्यंत सायकली, पुढे चालत, आणि वर पिठलं-भाकरी न् मडक्यातलं दही. पुणं तेव्हा सायकलींचं गाव होतं, त्यामुळे सहलीला वेगळं वाहन लागतच नसे.

खडकवासल्याचं धरण हेही एक ठिकाण होतं. पण १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं, आणि पाणी आमच्या वाड्याच्या पहिल्या मजल्याला लागलं. आम्ही गच्चीवरून शेजारच्यांचे पेटारे वाहत जाताना पाहिले. त्यानंतर वडलांनी 'धरणावर फिरायला जाऊ' हे शब्द कधी उच्चारले नाहीत. आज त्याच खडकवासल्याच्या काठी रविवारी संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळत नाही. कणसं आणि कांदाभजी खात पोरं पाण्याकडे बघत बसतात. त्यात वाईट काही नाही. पण पाण्याच्या काठी बसलं की मला दोन्ही गोष्टी आठवतात. याचा संबंध पुढे भिगवणला येईल.

मार्च एंड

मी बँकेत लागलो १९७५ साली. बँकांचं राष्ट्रीयीकरण १९६९ मध्ये झालेलं, नव्या शाखा भराभर उघडत होत्या, आणि आमच्यासारख्या पदवीधरांना नोकरी मिळत होती. लोकांना वाटायचं, बँकवाल्यांची मजा आहे. दहा ते दोन काउंटर, शनिवारी तर दहा ते बाराच. पण काउंटर बंद झाला की आमचं काम सुरू व्हायचं. शनिवारी दुपारी लेजरं बॅलन्स करायची. बारा पैशांचा फरक सापडेपर्यंत कोणी घरी जायचं नाही. मी एकदा पंचेचाळीस पैशांसाठी तीन शनिवार घालवले आहेत. फरक सापडला तेव्हा कळलं की कोणीतरी आकडे नीट काढले नव्हते.

आता तरुण मंडळींना माहीत नसेल अशी एक गोष्ट. तेव्हा बँकांचं वर्ष ३१ डिसेंबरला संपायचं. क्लोजिंगची जागरणं व्हायची ती थंडीत. फाल्गुन आणि चैत्र आम्हाला मोकळे होते. मग हिशेबाचं वर्ष बदललं, आणि १९८९ पासून ३१ मार्च आला. त्या दिवसापासून निवृत्तीपर्यंत मी मार्च महिना खिडकीबाहेर पाहिलेला नाही.

आमच्या सौ.चं माहेर यवतमाळकडचं. तिकडे फाल्गुनात रानंच्या रानं पळसाने पेटलेली असतात. लहानपणी होळीचा रंग त्या पळसाची फुलं उकळून करायचे, असं ती नेहमी सांगे. लग्न होऊन पुण्यात आली तेव्हा पहिल्याच वर्षी तिने विचारलं, "अहो, इथे पळस कुठे फुलतो?" मी म्हटलं, बघू. पहिली काही वर्षं मला वेळ होता, तो मी सुचू दिला नाही. नंतर वेळच उरला नाही. दर वर्षी माझं उत्तर एकच, "क्लोजिंग होऊ दे, एप्रिलमध्ये जाऊ." एप्रिलमध्ये पळसाला फुलं नसतात. हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. मला कळायला बावीस वर्षं लागली.

आणि आम्ही काही घरकोंबडे नव्हतो. बँकेच्या एलएफसीवर आम्ही काश्मीर पाहिलं, कन्याकुमारी पाहिली, दार्जिलिंगला जाऊन सूर्योदय पाहिला. पण भोरच्या रस्त्याला मार्चमध्ये काय दिसतं, ते पाहिलं नव्हतं. दूरचं पाहायला रजा आणि तिकीट असतं. जवळचं 'कधीही पाहता येईल' या सदरात पडतं, आणि त्या सदरातली वसुली कधी होत नाही.

ठराव नामंजूर

आपल्या सोसायटीची नोंदणी २००० साली झाली. दोन विंग, चाळीस फ्लॅट. पहिली तीन-चार वर्षं कशी गेली ते टाकीवरच्या लेखात येईलच. पाण्याचे टँकर, पार्किंगची भांडणं, बिल्डरकडे खेपा. ए विंग आणि बी विंग एकमेकांशी बोलायच्या त्या फक्त सर्वसाधारण सभेत, आणि तेही आवाज चढवून.

२००४ च्या सभेत शेवटच्या विषयाच्या वेळी, अध्यक्षांच्या परवानगीने, बी-२०३ मधल्या वहिनी उठल्या. त्या शाळेत शिक्षिका होत्या. म्हणाल्या, "आपण वर्षातून एकदा सगळे मिळून कुठेतरी जाऊ या. वसंतात. सोसायटीने पाच हजार रुपये द्यावेत, बाकीचे आम्ही काढतो." सभेत जरा चुळबुळ झाली. मी खजिनदार. मी उठलो आणि उपविधींची प्रत हातात धरून म्हणालो की सभासदांचा पैसा हा देखभालीसाठी आहे, सिंकिंग फंड आणि दुरुस्ती निधी यांना हात लावता येत नाही, आणि सहलीसारख्या खर्चाला ऑडिटर आक्षेप घेईल. वहिनींनी सिंकिंग फंडातून पैसे मागितलेच नव्हते. शिलकीतून मागितले होते. पण मी अशा काही आवाजात बोललो की पुढे कोणी विचारलं नाही. इतिवृत्तात एक ओळ आहे: ठराव नामंजूर.

वहिनींनी वाद घातला नाही. त्यांनी एक शंभर पानी वही घेतली आणि दारोदार गेल्या. माणशी १२० रुपये. एप्रिल २००५ मध्ये एका रविवारी बस ठरवून ३८ माणसं यवतजवळच्या भुलेश्वरला गेली. मी गेलो नाही. सौ. गेली. संध्याकाळी ती आली ती चेहरा उन्हाने रापलेला आणि हसू आवरत नाही अशी. ए विंगच्या आणि बी विंगच्या बायकांनी मिळून बसमध्ये भेंड्या लावल्या होत्या. ज्या दोन घरांचा पार्किंगवरून उभा दावा होता, त्यांच्या मुलांनी एकाच डब्यात खाल्लं होतं. पुढच्या महिन्यात तो पार्किंगचा वाद जिन्यात उभ्याउभ्या मिटला. मी कमिटीत दोन वर्षं पत्रव्यवहार करून जे जमलं नव्हतं, ते एका बटाटेवड्याच्या डब्याने केलं.

दुसऱ्या वर्षी मी गेलो. वरकरणी कारण असं की हिशेब नीट आहे ना ते पाहावं. वहिनींनी हसून वही माझ्या हातात दिली. एका पैचाही फरक नव्हता. शिल्लक ६४ रुपये, 'पुढील वर्षी जमा' म्हणून ओढलेले.

नवे छंद, उशिरा लागलेले

हा लेख मी त्याच वहीवरून लिहितो आहे. ती आता वहिनींच्या सूनबाईंकडे आहे. २००५ ते २०१९, पंधरा सहली. ठिकाण, माणसं, वर्गणी, आणि शेवटी एक ओळ, 'नवीन काय पाहिलं'. या रकान्यामुळेच आपल्या सहली नुसत्या खाण्यापिण्याच्या राहिल्या नाहीत.

सुरुवातीच्या सहली एप्रिलमध्ये व्हायच्या. मुलांच्या परीक्षा आणि आमच्यासारख्यांचं मार्च एंड, दोन्ही उरकल्यावर. त्यामुळे वसंत संपताना आपण वसंत पाहायला निघायचो. २००८ ला तर दोन मुलांना ऊन लागलं आणि अर्ध्या वाटेतून परत यावं लागलं. मी २०११ मध्ये निवृत्त झालो आणि २०१२ चा मार्च माझ्या हातात आला. त्या वर्षी मी वहिनींना म्हटलं की ज्यांना जमेल त्यांची एक छोटी सहल फाल्गुनातही काढू. अकरा जण निघालो, त्यात सात पेन्शनर. दोन गाड्या, रस्ता भोरचा.

शिरवळच्या अलीकडे महामार्ग सोडला आणि थोड्याच वेळात सौ. म्हणाली, "थांबवा." रस्त्याच्या उतारावर पळस होता. पानं गळलेली, काळपट फांद्या, आणि त्यावर केशरी फुलं अशी की झाडावर कोणी निखारे मांडून ठेवलेत. फुलांवर पक्ष्यांची नुसती झुंबड होती, मैना, शिंजिर, भोरड्यांचा थवा. सौ. काही बोलली नाही. खाली पडलेली फुलं तिने ओच्यात गोळा केली. मीही काही बोललो नाही, कारण बावीस मार्च महिन्यांचा खुलासा रस्त्यावर उभं राहून करता येत नाही.

त्या भोरड्या मी तिथे पहिल्यांदा पाहिल्या, आणि वयाच्या एकसष्टाव्या वर्षी पक्षी बघायला लागलो. बाराजणांनी वर्गणी काढून एक दुर्बीण घेतली. ती अजून आपल्या ऑफिसच्या कपाटात आहे, भिंग पुसून ठेवलेली. मग आपल्या मागच्या वेताळ टेकडीचं येणं-जाणं वाढलं. इतकी वर्षं ही टेकडी आपण खिडकीतून पाहत होतो. आता कळलं की जानेवारी-फेब्रुवारीपासून काटेसावर लाल होते, मग पांगारा, आणि टेकडीभर जो फिकट गुलाबी मोहोर दिसतो तो गिरिपुष्पाचा. ते झाड मूळचं अमेरिकेकडचं, वनखात्याने लावलेलं. मार्चमध्ये कुसुंबाला पालवी येते ती हिरवी नाही तर लालभडक. एप्रिल-मेमध्ये बहावा पिवळे झुंबर सोडतो. तांबट पक्षी दुपारभर टुक्-टुक् करत असतो. त्याला मी इतकी वर्षं कुठल्या तरी वर्कशॉपचा आवाज समजत होतो!

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी भुलेश्वरला बसून स्केचबुक काढलं, ते वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी. आयुष्यात रांगोळीखेरीज काही काढलं नव्हतं, असं त्या म्हणतात. त्यांची चार चित्रं या स्मरणिकेत आहेत, जरूर पाहा. ए विंगमधल्या तीन गृहस्थांनी जुन्या सायकली दुरुस्त करून घेतल्या आणि पाषाण तळ्यापर्यंत फेऱ्या सुरू केल्या. गच्चीवर आकाशदर्शन सुरू झालं. चैत्रातल्या संध्याकाळी सप्तर्षी वर आलेले असतात; त्यांच्या शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की स्वाती, आणि आणखी पुढे नेला की चित्रा. चैत्र पौर्णिमेचा चंद्र या चित्रेजवळ असतो, म्हणून तो महिना चैत्र. सत्तर वर्षं पंचांग वापरलं आणि हे वर मान करून पाहिलं नव्हतं.

यातलं काहीही महाग नाही. कोणी शिकवणी लावली नाही. फक्त एकट्याने सुरू करायला संकोच वाटतो, तो चारचौघांत वाटत नाही. सोसायटीचा उपयोग असा होतो.

भिगवणचा नावाडी

सर्वांत जास्त माणसं गेलेली सहल भिगवणची, २०१६. दोन बस, ७१ माणसं. उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं आणि भीमेचं पाणी इकडे भिगवणपर्यंत पसरलं. त्या उथळ पाण्यात हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत रोहित पक्षी उतरतात. गावातल्या लोकांनी मासेमारीच्या होड्या पक्षी दाखवायला लावल्या आहेत. आपली मुलं होडीतून रोहितांच्या जवळ गेली, आणि एकदम शेकडो पक्षी उठले तेव्हा पंखांखालचा गुलाबी रंग बघून सगळ्यांनी टाळ्याच वाजवल्या.

आमच्या होडीचा नावाडी साठीचा असेल. त्याने मुलांना गप्प केलं, पक्ष्यांची नावं सांगितली, आणि मग पाण्याकडे बोट दाखवून सहज म्हणाला, "आमचं शेत इथं खाली हाय." पलीकडे जुनं पळसदेवही असंच पाण्याखाली आहे, उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की तिथलं प्राचीन देऊळ वर दिसतं. माझ्या डोळ्यापुढे १९६१ ची आमची गच्ची आली. मी त्याला विचारलं, वाईट वाटत नाही का, लोक इथे मजा करायला येतात त्याचं? तो म्हणाला, "येऊ द्या की. न आल्यावर कोन इचारतंय, इथं काय हुतं म्हनून?"

वहीतल्या 'नवीन काय पाहिलं' या रकान्यात वहिनींनी त्या दिवशी पक्ष्यांची नावं लिहिली नाहीत. एवढंच लिहिलं आहे: 'पाण्याखालचं शेत.'

थांबलेलं खातं

२०२० ची सहल रविवारी, २९ मार्चला ठरली होती. पैसे जमले होते, बसवाल्याला ॲडव्हान्स दिला होता. त्याच वर्षी २९ फेब्रुवारीपासून राज्य सरकारने कर्मचाऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा दिला होता. बँकांना दुसरा-चौथा शनिवार २०१५ च्या सप्टेंबरपासूनच मिळत होता, म्हणजे माझ्या निवृत्तीनंतर चार वर्षांनी! पहिल्यांदाच इतक्या घरांना शनिवार-रविवार जोडून मोकळा मिळाला, आणि तीन आठवड्यांत २२ मार्चचा जनता कर्फ्यू आला, मग लॉकडाऊन. बसवाल्याने ॲडव्हान्स परत दिला, वहिनींनी घरोघर पैसे परत केले, वहीत नोंद आहे.

२०२१ च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत आपली दोन माणसं गेली. त्यातल्या एक बी-२०३ च्या वहिनी. त्यानंतर सहल झालेली नाही. कोणी विरोध केला नाही, कोणी ठराव नामंजूर केला नाही. नुसती राहिली. बँकेत अशा खात्याला आम्ही निष्क्रिय खातं म्हणत असू. खातं बंद होत नाही, शिल्लकही असते, फक्त व्यवहार होत नाही.

आता एक कबुली देतो आणि लेख आवरता घेतो. या लेखासाठी मी कपाटातून उपविधींची ती जुनी प्रत काढली, जी हातात धरून मी २००४ मध्ये बोललो होतो. वाचत बसलो. पहिल्याच काही पानांवर संस्थेच्या उद्दिष्टांची यादी आहे. त्यात इमारतीच्या देखभालीबरोबर हेही एक उद्दिष्ट आहे की संस्थेने सभासदांसाठी सामाजिक, सांस्कृतिक आणि करमणुकीचे उपक्रम करावेत. म्हणजे वहिनींची मागणी नियमबाह्य नव्हती. ज्या कारणांसाठी ही संस्था स्थापन झाली, त्यांतलंच ते एक कारण होतं. त्या प्रतीच्या शेवटी प्रवर्तकांच्या सह्या आहेत. पाचवी सही माझी आहे. वाचल्याशिवाय सही करू नका, असं आयुष्यभर ग्राहकांना सांगणाऱ्याची.

हे वहिनींना सांगायला हवं होतं. ते राहिलं. म्हणून या स्मरणिकेत, सगळ्या सभासदांसमोर लिहून ठेवतो: २००४ च्या सभेत खजिनदाराचं म्हणणं चुकीचं होतं.

येत्या सर्वसाधारण सभेत मी एक ठराव मांडणार आहे. वसंत-सहलीसाठी अंदाजपत्रकात दर वर्षी आधीच एक छोटी रक्कम धरावी, शिलकीतून, सिंकिंग फंडाला हात न लावता. बाकी वर्गणी. आणि तारीख मार्च एंड उरकल्यावरची नको, फाल्गुनातलीच हवी. परीक्षेची मुलं आणि बँकेतली मंडळी यांच्यासाठी चैत्रात दुसरी काढू, पूर्वीसारखी. अनुमोदन द्यायला बी-२०३ च्या सूनबाई तयार आहेत. वहीत पुढच्या पानावर त्यांनी साल टाकून ठेवलं आहे.

सौ.चे दोन्ही गुडघे बदलून झाले, टेकडी आता तिला चढवत नाही. पण पळस पाहायला चढावं लागत नाही. भोरच्या रस्त्याला तो गाडीतून दिसतो. पुढच्या फाल्गुनात पुढच्या सीटवर तिची जागा राखून ठेवली आहे. मागे तीन जागा रिकाम्या आहेत. ज्यांना यायचं असेल त्यांनी कृपया आधी नाव सांगावं. एप्रिलमध्ये सांगू नये.